आजच्या गाड्या

आमच्या 'उमरखेड निवृत्त एस.टी. कर्मचारी स्नेही मंडळा'ची वेबसाईट असावी ही कल्पना माझी नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे काही झालं त्यानंतर मंडळातला प्रत्येक जण हेच म्हणायला लागला आणि खरं बोलणाऱ्याची पंचाईत झाली. कल्पना नानाजींची होती. नानाजी आमचे अध्यक्ष. सगळी नोकरी त्यांनी स्टिअरिंगवर काढली. त्यांच्याच गाडीवर मी आधी कंडक्टर होतो, मग बढती मिळून स्टँडवर वाहतूक नियंत्रक झालो, म्हणजे काचेच्या खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारणारा. गावात मला अजून कंट्रोलर साहेब म्हणतात. घरात म्हणत नाहीत.

पुसदच्या मंडळाने वेबसाईट काढल्याचं नानाजींच्या कानावर आलं आणि त्यांनी मासिक सभेत चहाचा कप जोरात खाली ठेवला. "पुसदवाले दुनियेत जाऊन पोचले, अन् आपन काय करून राह्यलो? नुसता चहा पिऊन राह्यलो!" ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं आणि हे काम कोणी करायचं असा प्रश्न आला तेव्हा सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. कारण काय, तर मला बोलायची सवय आहे.

वेबसाईट करणारी प्रियंका. स्टँडसमोर तिचं ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. पीक विम्यापासून पॅनकार्डापर्यंत सगळा तालुका तिच्यापुढे रांगेत उभा असतो. तिने आमच्या मंडळाचं पूर्ण नाव ऐकलं, एकदा बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "काका, एवढं नाव टाईप करेपर्यंत मानसाची गाडी निघून जाईन. एखादा शब्द कमी करा ना."

मी हा विषय सभेत मांडला. तीन सभा त्यातच गेल्या. 'स्नेही' काढावा तर तो शब्द सुचवणारे सभासद आता हयात नाहीत, त्यांच्या घरच्यांना काय वाटेल? 'निवृत्त' काढावा तर आपण परत नोकरीला लागलो असं वाटून पेन्शन बंद होईल, अशी भीती दोघांनी बोलून दाखवली. 'उमरखेड' काढायला तर कोणाचीच तयारी नव्हती. शेवटी नाव जसंच्या तसं इंग्रजी अक्षरांत गेलं. आज ते मला स्वतःला एका दमात टाईप करता येत नाही.

याच काळात आमचे शेजारी राजकुमारजी रोज कुंपणावर हात ठेवून सल्ला देत होते. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला त्यांना आधी पाया दिसतो. "वेबसाईट म्हंजे घर बांधन्यासारखंच हाय, कंट्रोलर साहेब. पह्यलं पान कोन्या तोंडाचं हाय ते पाहून घ्या. दक्षिनेले नोको." मी त्यांना सांगितलं, की वेबसाईटला दिशा नसते. त्यावर ते म्हणाले, "मंग तर लयच सांभाळा." कौसल्याचं म्हणजे माझ्या बायकोचं मत याहून सोपं होतं. "घरातला नळ गळून राह्यला," ती म्हणाली. "दुनिया मंग पाहा."

मग बोधचिन्ह. प्रियंकाने छान लाल गाडी काढली. आम्ही सगळे तिच्या दुकानात उभे राहून पडद्याकडे बघत होतो. नानाजींनी चष्मा लावला, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. आगारातून गाडी बाहेर काढण्याआधी ते टायर ठोकून बघायचे. तसं त्यांनी तिच्या पडद्याला बोट लावलं.

"डायवर कुठी हाय?" ते म्हणाले.

"काका, हे चित्र हाय."

"चित्र असो का काही असो. गाडी धावतीच्या पोजमंदी हाय अन् शिटावर मानूस नाई. माह्या सहीनं अशी गाडी रोडवर जानार नाई."

तेव्हा प्रियंकाने खिडकीत एक इवलासा ड्रायव्हर बसवला, आणि नानाजींनी मागितल्या म्हणून त्याला मिशाही काढल्या. आता तुम्ही ती वेबसाईट उघडलीत तर गाडीपेक्षा मिशा आधी दिसतात.

चिन्ह झालं, रंग झाला, सगळ्यांचे सत्काराचे फोटोही लागले. शाल, नारळ आणि माणूस. चेहरे वेगळे, शाल बहुतेक एकच. आणि मग प्रियंका म्हणाली, "काका, मधलं पान रिकामं हाय. मजकूर द्या."

मजकूर कोणाकडेच नव्हता. इतकी वर्षं आम्ही लोकांना इकडून तिकडे पोचवलं, पण लिहिण्यासारखं काय केलं ते कोणाला सांगता येईना. एक जण म्हणाला, सुविचार टाका. दुसरा म्हणाला, पेन्शनचे नियम टाका. मी गप्प होतो, कारण मला काय टाकायचं ते माहीत होतं आणि ते म्हणायची लाज वाटत होती.

मला त्या खिडकीची आठवण येते. फार येते. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळ झाली की मी कोथिंबीर आणतो असं सांगून स्टँडवर जातो. आमच्या घरात कोथिंबिरीचे ढीग वाळून गेले, कौसल्याने कधी विचारलं नाही. तिथे बाकावर बसतो. गाड्या लागतात, लोक मोबाईलमध्ये बघत चढतात, गाड्या निघतात. मनातल्या मनात मी प्रत्येक गाडी पुकारतो. ढाणकी, बिटरगाव, पुसद, हदगाव. ज्या गाड्या आता नाहीत त्यासुद्धा पुकारतो, आणि त्यांच्यासाठी आवाज जरा जास्तच लागतो.

तर दुसऱ्या दिवशी मी एकटाच प्रियंकाकडे गेलो आणि म्हटलं, "लिही. मी सांगतो." आणि आमच्या वेळचं वेळापत्रक तोंडपाठ सांगायला लागलो. सुरुवातीला साधं बोलत होतो. पण ढाणकीच्या गाडीपाशी आवाज आपोआप खाली उतरला, नाकात गेला, आणि मी म्हणालो, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी ढाणकी, बिटरगावमार्गे..." रांगेत उभी असलेली एक म्हातारी पिशवी उचलून धावतच रस्ता ओलांडून गेली. तिला परत आणायला माणूस पाठवावा लागला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

प्रियंकाने शेवटच्या रकान्यात 'शेरा' ठेवला होता. त्यात मी मनात येईल ते सांगत गेलो. एका गाडीला 'गर्दी, बकऱ्यांसह'. एका गाडीला 'दरवाजा आतून धरून बसावे'. आणि शेवटची गाडी होती धामणदरीची मुक्कामी.

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन रात्रभर तिथेच थांबणारी आणि सकाळी गावाला घेऊन परत येणारी. बिटरगावच्या पुढे सागाच्या जंगलातून पैनगंगेच्या अंगाने जाणारा कच्चा रस्ता होता. नानाजी गाडी चालवायचे, मी घंटी द्यायचो. दिवेलागणीला पोचलो की धामणदरीच्या बंजारा तांड्यातली पोरं गाडीच्या गरम बॉनेटला हात लावायला धावायची. मैनाबाई राठोड आमची ताटं घेऊन यायच्या. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची भाजी. नानाजींना तेव्हापासून पित्ताचा त्रास, म्हणून त्यांचं वरण वेगळ्या वाटीत, बिनमिरचीचं. आम्ही मैनाबाईंना तांड्याच्या बोलीत याडी, म्हणजे आई म्हणायचो. पुढे मी स्टँडवर आलो, आणि मग एका पावसात नाल्यावरचा पूल वाहून गेला. गाडी तात्पुरती बंद झाली. पूल नवा बांधेपर्यंत ती दुसऱ्या मार्गावर लागली होती, ती तिथेच राहिली. ती रद्द झाल्याचं मी स्टँडवर माईकवरून सांगितलं. पण माझा माईक धामणदरीपर्यंत ऐकू जात नव्हता.

मी प्रियंकाला सांगितलं, "शेरा लिही. मुक्कामी. जेवण मैनाबाई राठोड यांच्याकडे. चालकास तिखट कमी."

"पानाले नाव काय देऊ? जुनं वेळापत्रक?"

आता इथे माझी जीभ कुठे अडली ते बघा. जुनं म्हटलेलं मला सोसेना. निवृत्तीच्या दिवसापासून लोक मला जुने कंट्रोलर म्हणतात, तेवढं पुरे आहे. मी म्हणालो, "वेळापत्रक जुनं होत नसते, बेटा. आजच्या गाड्या, असं लिही." तिने लिहिलं. वर मिशावाली लाल गाडी, खाली 'आजच्या गाड्या', त्याखाली संपर्कासाठी माझा मोबाईल नंबर, कारण दुसऱ्या कोणी आपला दिला नाही.

उद्घाटन झालं, नारळ फुटला. पहिले काही दिवस वेबसाईटला भेट देणाऱ्यांचा आकडा भराभर वाढला. तो मीच होतो. प्रियंका म्हणाली होती, की वेबसाईटची देखभाल करावी लागते, म्हणून मी रोज सकाळी अंघोळ करून ती उघडत असे आणि सगळं जागेवर आहे ना ते पाहून बंद करत असे.

मग फोन सुरू झाले. "पुसदची लागली का?" अशा साध्या विचारणा आल्या, तेव्हा मी खुशीत होतो. मग यवतमाळहून एका साहेबांचा फोन आला. शेरा वाचून त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. "ते मैनाबाई राठोड भोजनालय, तिथं फॅमिलीसाठी बसायची वेगळी सोय हाय का?" दुसऱ्याने विचारलं, वरण बिनतिखट मिळतं ते फक्त ड्रायव्हरलाच का, हा इतर प्रवाशांवर अन्याय नाही का? मी त्याला नानाजींच्या पित्ताची हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि दोन काढे सुचवले.

पुढच्या आठवड्यात आगारातल्या साहेबांनी मला बोलावलं. तरुण माणूस, बोलायला गोड. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि मोबाईल समोर धरला. "काका, तुमच्या वेबसाईटवर माझ्यापेक्षा जास्त गाड्या आहेत. लोक इथं येऊन मला तुमचं पान दाखवून भांडतात. मी त्या कुठून आणू?" मी मान खाली घालून चहा प्यालो. ज्या आगारात माझा शब्द शेवटचा मानत, तिथे मला माझाच शब्द मागे घ्यायला सांगत होते. पान काढतो म्हणालो.

पण पान काढणं सोपं नव्हतं. प्रियंका नणंदेच्या लग्नाला गेली होती आणि पासवर्ड तिच्याजवळ. सभेत विषय नेला, तर सचिव म्हणाले, की ठराव करून टाकलेली गोष्ट ठराव करूनच काढता येते, आणि त्याला सात दिवसांची नोटीस लागते. राजकुमारजी कुंपणावरून म्हणाले, "मी सांगितलंच होतं, तोंड दक्षिनेले असन."

आणि त्या गडबडीत देवसिंगचा फोन आला. देवसिंग म्हणजे मैनाबाईंचा मुलगा. आवाज तुटत होता.

"साहेब, नंबर पाह्यला अन् लावला! गाडी सुरू झाली म्हनून वेबसाईटवर वाचलं. मायले सांगितलं त ती रडूनच राह्यली. बाजाराच्या दिवशी पह्यली फेरी धरतो आमी. गाडी वळवाची जागा साफ केली, झुडपं तोडली, गोट्यांले चुना लावला. तुमी अन् नानाजी येजा बरं!"

मी म्हणालो, "देवसिंग, ऐका, ती गाडी..." आणि नेटवर्क गेलं. परत लावला, परत गेलं. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मागून पोरांचा कल्ला ऐकू येत होता आणि कोणीतरी बाई विचारत होती, "कंडक्टर हाय का तो? त्याले म्हना, अंबाडी आनून ठेवली." मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. ती बाई मैनाबाई होती, आणि त्यांनी मला अजून कंडक्टरच ठेवलं होतं.

नानाजींना सांगितलं. ते म्हणाले, "फोनवर सांगाची गोठ नाई हे. जाऊ."

बाजाराच्या दिवशी आम्ही जीप करून निघालो. मी निवृत्तीच्या दिवशीचा सफारी घातला होता, नानाजींनी खाकी. जीपवाल्याशेजारी बसून नानाजी सगळ्या वाटेत पाय दाबत होते, जिथे ब्रेक नव्हता तिथे. बिटरगावच्या पुढे साग दिसायला लागला. रस्ता आता डांबरी झाला होता. नाल्यावरचा पूल नवा, रुंद, चांगला भक्कम होता. दोन गाड्या आरामात गेल्या असत्या. आम्ही दोघांनी तो पाहिला आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं.

दिवे लागायच्या आधी धामणदरी आली. गाडी वळवायची जागा अंगणासारखी झाडून ठेवली होती, भोवती चुन्याने रंगवलेले दगड. पताका होत्या. गाडी सकाळी सुटणारी, तरी पंचवीस-तीस माणसं आत्तापासूनच गाठोडी घेऊन उभी होती. दोन म्हाताऱ्यांनी नवे कपडे घातले होते. आमची जीप त्या जागेत वळली, तसं लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि देवसिंगने हार नानाजींच्या गळ्यात टाकला. मैनाबाई काठी टेकत पुढे आल्या. किती लहान झाल्या होत्या! त्यांनी आम्हा दोघांच्या गालांवरून हात फिरवला आणि मग आमच्या मागे रस्त्याकडे बघत राहिल्या.

"गाडी मांगून येऊन राह्यली का?" त्यांनी विचारलं.

मी नानाजींकडे पाहिलं. नानाजी हारातली फुलं बघत होते. देवसिंगने भजनाचा माईक आणून माझ्या हातात दिला. "साहेब, तुमीच पुकारा. आमी कधी आयकलं नाई तुमाले माईकवर."

निवृत्तीनंतर पहिल्यांदा माईक हातात आला होता. हाच माईक मला रोज संध्याकाळी हवा असायचा. मी खाकरलो. सगळी माणसं गप्प झाली, पोरंसुद्धा. आवाज आपोआप खाली उतरला. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. उमरखेडहून ढाणकी, बिटरगावमार्गे धामणदरीकडे येणारी मुक्कामी गाडी..."

पुढचा शब्द रद्द. नोकरीत तो मी हजारदा म्हटला असेन, खिडकीबाहेर न बघता, चहाचा घोट घेता घेता. आता समोर काच नव्हती. मी माईक थोडा खाली घेतला. लोकांना कळायला लागलं होतं. एकाने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. माझे डोळे भरून आले आणि मला कोणाचंच तोंड दिसेना.

मैनाबाई माझ्याजवळ आल्या. माईकला बाजूला करून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "रद्द म्हनू नोको, बापू. टाइम लागते म्हन."

मी माईक परत तोंडाशी धरला. "...धामणदरीकडे येणारी मुक्कामी गाडी उशिराने धावत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मग मागून एक म्हातारा ओरडला, "किती उशीर हाय, साहेब?"

आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सांगता येत नाही."

सगळा तांडा हसला. एस.टी.च्या खिडकीतून हे उत्तर त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. आज गाडी नाही, पण खिडकी तरी गावात आली असं एक जण म्हणाला. मी पण हसलो, नाक पुसत. मग आम्ही गाडी वळवायच्या जागेत सतरंजीवर बसून जेवलो. अंबाडीची भाजी होती. नानाजींपुढे वरणाची वेगळी वाटी आली, बिनमिरचीची. त्यांनी ती वाटी दोन्ही हातांत धरली आणि बराच वेळ जेवायला सुरुवातच केली नाही.

निघताना गावाने गाडीसाठी अर्ज दिला, सह्या आणि अंगठ्यांसह. तो मी आगारातल्या साहेबांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि वर पाठवला. वर म्हणजे कुठे ते मला नोकरीत असतानाही नीट कळलं नव्हतं. प्रियंका परत आली, ठराव झाला, 'आजच्या गाड्या' हे पान निघालं आणि तिथे पेन्शनचे नियम आले. फक्त एक ओळ मी तिला काढू दिली नाही. नियमांच्या खाली ती अजून आहे. उमरखेड ते धामणदरी, मुक्कामी, उशिराने धावत आहे. साहेबांनी ती पाहिली असणार. अजून तरी काही म्हणाले नाहीत.

अधूनमधून संध्याकाळी देवसिंगच्या नंबरवरून फोन येतो. पलीकडे मैनाबाई असतात.

"कंडक्टर, लागली का गाडी?"

मी स्टँडवर बाकावरच बसलेलो असतो, कोथिंबिरीची जुडी मांडीवर. मी चार नंबरच्या फलाटाकडे बघतो. नीट बघतो, मान उंच करून.

"अजून नाही, याडी," मी सांगतो. "लागली की पुकारतो."